जुन्या पिस्तुलासाठी हॉलो पॉइंट: कुठलं काडतूस सुरळीत चढतं, कुठलं अडतं

जुन्या पिस्तुलासाठी हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली आणि लक्ष्यात गेल्यावर उमलणारी गोळी, निवडताना खोक्यावरचं नाव नंतर वाचा, आधी गोळीचं नाक बघा. आधुनिक पिस्तुलात उत्तम ठरलेलं काडतूस १९४० च्या हत्यारात तिसऱ्याच राउंडला तोंड वासून अडकतं. त्यात दोष ना काडतुसाचा असतो ना पिस्तुलाचा. दोघांची मापं एकमेकांसाठी घेतलेली नसतात, एवढंच.

ही पिस्तुलं बहुतेक सैन्यासाठी आखलेली. प्रसरण पावणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात ठरलं, त्यामुळे लुगर, कोल्ट १९११, ब्राउनिंग हाय-पॉवर, वॉल्थर पी३८ यांच्या आराखड्यात डोळ्यासमोर होती ती पूर्ण जॅकेटची, शिशावर धातूचं अखंड आवरण असलेली गोळी, म्हणजे बोलीत ‘बॉल’. कोल्ट १९११ चा (पुढे नुसतं ‘१९११’) रॅम्प म्हणजे काडतुसाला बॅरलकडे वळवणारा उतार, मॅगझिनचे ओठ म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, स्लाइडचा म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा वेग, सगळं २३० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोल नाकाच्या गोळीभोवती बेतलेलं आहे.

चढताना काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निकाल त्यावरच लागतो. स्लाइड पुढे येते आणि वरच्या काडतुसाच्या बुडाला ढकलते. नाक फ्रेमच्या रॅम्पवर आपटून वर वळतं. १९११ मध्ये हा रॅम्प ३१.५ अंशांचा, आणि त्याच्या माथ्यापासून बॅरलच्या खालच्या ओठापर्यंत इंचाच्या बत्तिसाव्या भागाएवढी, म्हणजे ०.८ मिमीची फट मुद्दाम ठेवलेली असते. नाक ती फट ओलांडून बॅरलच्या घशात, म्हणजे तिच्या मागच्या तोंडात जातं. त्याच वेळी पुंगळीची बुडाकडची कड खालून वर सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, आकड्यात शिरते. बॉलचं नाक गुळगुळीत असल्यामुळे ते या सगळ्यावरून घरंगळत जातं. हॉलो पॉइंटच्या तोंडाला मात्र कड असते, आणि कड घरंगळत नाही, रुतते. कारखान्याने नंतरच्या १९११ मध्ये हा घसा रुंद करून दिला. जुन्या बॅरलमध्ये तो बॉलपुरताच अरुंद असतो.

हाय-पॉवरच्या जुन्या बॅरलांमध्ये रॅम्पला मधोमध उंचवटा असतो, नंतरच्या बॅरलांत तो सरळ झाला. उंचवट्याच्या बॅरलमध्ये रुंद तोंडाची गोळी त्या कुबडावरच थबकते. याउलट पी३८ किंवा बेरेटाचं १९५१ चं मॉडेल बघा. त्यांची बॅरल खाली झुकत नाही, काडतुसाला जवळजवळ सरळ रेषेत जायला मिळतं, म्हणून ही पिस्तुलं गोळीच्या आकाराबाबत बरीच सोशीक असतात. लुगरबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे की तिला शंकूच्या आकाराचं नाक चालतच नाही. मुळात ९ मिमी पॅराबेलमची पहिली लष्करी गोळी कापलेल्या शंकूचीच होती, गोल नाक पहिल्या महायुद्धाच्या काळात आलं. लुगरचं खरं दुखणं दोन ठिकाणी असतं, काडतुसाची लांबी आणि धक्क्याचा जोर. लुगरमध्ये स्लाइडच्या जागी टॉगल, म्हणजे गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा असतो, आणि त्याची स्प्रिंग ठरावीक जोराच्या काडतुसासाठी बसवलेली असते. मवाळ भरणाचं काडतूस टाकलं की टॉगल पुरतं मागे जात नाही, आणि पुढचं काडतूस उचललंच जात नाही.

खोकं हातात घेतल्यावर काय बघायचं

तीन गोष्टी. पहिली, नाकाची गोलाई. गोळी पुंगळीतून बाहेर आल्यावर लगेच गोल वळत जाते की सरळ शंकूसारखी उतरते? गोल वळणारी नेहमीच बरी. दुसरी, तोंडाची रुंदी. बॉल आणि हॉलो पॉइंट शेजारी शेजारी उभी करून वरून बघा. पोकळीच्या काठाने गोळीच्या व्यासाचा अर्ध्याहून जास्त भाग व्यापला असेल तर जुन्या अरुंद घशासाठी ती जोखीम आहे. काठावर उघडं शिसं दिसत असेल तर आणखी एक वजाबाकी करा, कारण शिसं मऊ असतं, रॅम्पवर चेपतं आणि माखतं.

तिसरी गोष्ट एकूण लांबी, आणि हीच सर्वात दुर्लक्षित. .४५ एसीपीची, म्हणजे १९११ च्या काडतुसाची, कमाल लांबी १.२७५ इंच, म्हणजे ३२.३९ मिमी. बॉल साधारण ३२ मिमीला असतो, बरीचशी हॉलो पॉइंट त्याहून १ ते १.५ मिमी आखूड. ९ मिमीची कमाल २९.६९ मिमी, तिथेही हाच प्रकार. आखूड काडतूस मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलतं, रॅम्पवर उशिरा आणि खालच्या बाजूला आदळतं. साधा कॅलिपर घ्या, दहा काडतुसं मोजा आणि आकडे लिहून ठेवा. दहांतला सर्वात लांब आणि सर्वात आखूड यांच्यात जितका कमी फरक तितकं भरण काटेकोर. हे आकडे शेवटी पुन्हा लागणार आहेत.

.३२ एसीपीवाल्यांनी इथेच थांबावं. या काडतुसाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर असते. लांबी कमी पडली की वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे जाऊन बसते आणि दोन्ही एकमेकांत कुलूप लागल्यासारखी अडकतात. स्लाइड कितीही ओढा, हे सुटत नाही, मॅगझिन काढून काडतुसं बाहेर घ्यावी लागतात. कोल्ट १९०३, वॉल्थर पीपी किंवा पीपीकेच्या .३२ आवृत्तीत पूर्ण लांबीचं बॉलच वापरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तेच पिस्तूल .३८० मध्ये असेल तर कडेचा हा त्रास नाही, तिथे हॉलो पॉइंटची चाचणी घेण्यात अर्थ आहे.

बाजारातली काडतुसं, जुन्या पिस्तुलाच्या नजरेतून

इथे प्रश्न फक्त चढण्याचा आहे. लक्ष्यात गेल्यावर गोळी किती उमलते हा वेगळा विषय.

फेडरलचं हायड्रा-शॉक, .४५ मध्ये २३० ग्रेन. पोकळीच्या मधोमध खांब असलेली ही जुनी रचना आज मागे पडल्यासारखी वाटते, पण नाकाची गोलाई बॉलच्या जवळ जाते आणि वजनही मूळ आराखड्यातलंच. घसा न रुंदावलेल्या १९११ साठी सुरुवात इथून करावी.

रेमिंग्टनचं गोल्डन सेबर, २३० ग्रेन. जॅकेट तांब्याऐवजी पितळेचं, त्यामुळे काठ कडक आणि चेपायला नाखूष. नाक गोलसर. हायड्रा-शॉकच्या बरोबरीने ठेवावं असं. याचंच १८५ ग्रेनचं काडतूस वेगळं गणित मांडतं, हलकी गोळी म्हणजे आखूड गोळी.

हॉर्नडीचं क्रिटिकल डिफेन्स. पोकळीत मऊ पॉलिमरचा बोळा भरलेला असतो, त्यामुळे उघडा काठ रॅम्पला खुपत नाही. पुंगळीला निकेलचा मुलामा, तो पितळेपेक्षा जरा सहज सरकतो. ९ मिमीत ११५ ग्रेन, .३८० मध्ये ९० ग्रेन. छोट्या जुन्या पिस्तुलांसाठी चांगला पर्याय. पण बोळ्यामुळे काडतुसाची लांबी वाढत नाही. .४५ मध्ये हे १८५ ग्रेनचं येतं आणि त्याचा उतार शंकूसारखा आहे. ‘टोक भरलेलं आहे म्हणजे कुठेही चालेल’ ही समजूत इथे फसते.

विन्चेस्टरचं सिल्व्हरटिप जुनं आणि नावाजलेलं. .३८० मध्ये ८५ ग्रेन, ९ मिमीत ११५. .३२ मध्येही ६० ग्रेनचं मिळतं, पण त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

स्पीअरचं गोल्ड डॉट आणि फेडरलचं एचएसटी ही दोन्ही काडतुसं कामगिरीत अव्वल मानली जातात, आणि त्यात वाद नाही. पण तोंडं रुंद. एचएसटीचं २३० ग्रेन .४५ वरून बघितलं तर विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं. घसा रुंद केलेल्या पिस्तुलात ती निर्धास्त चालतात, मूळ अवस्थेतल्या १९११ मध्ये किंवा कुबडाच्या रॅम्पच्या हाय-पॉवरमध्ये ती शेवटी तपासावीत.

फेडरलचं ईएफएमजे (एक्स्पांडिंग फुल मेटल जॅकेट) तांत्रिकदृष्ट्या हॉलो पॉइंट नाहीच. बाहेरून संपूर्ण जॅकेट, आत नाकाशी रबरासारखा मऊ भाग. पिस्तुलाला ते बॉलच वाटतं. बाकी सगळं अडत असेल आणि पिस्तुलाला हात लावायचा नसेल तर हा शेवटचा मार्ग.

एक अट सगळ्यांना लागू. खोक्यावर +पी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं भरण, असं लिहिलेलं असेल तर परत ठेवा. ९ मिमीच्या दाबाची नेहमीची कमाल ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), +पीची ३८,५००. .४५ ला २१,००० आणि २३,०००. ऐंशी वर्षांच्या लोखंडाला हा जास्तीचा भार देण्याचं कारण नाही. शिवाय स्लाइड जास्त वेगाने मागे जाते, म्हणजे दमलेल्या मॅगझिन स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला वेळ कमी मिळतो. +पी टाकल्यावर चढणं बिघडतं ते बऱ्याचदा यामुळेच.

चाचणी

आधी स्प्रिंग बदला. पाच इंची १९११ ला १६ पौंडाची रिकॉइल स्प्रिंग आणि प्रत्येक मॅगझिनला नवी स्प्रिंग. हे न करता चाचणी घेतली तर काडतुसाची नव्हे, जुन्या तारेची चाचणी होते. मूळ स्प्रिंग फेकू नका, पिशवीत घालून पिस्तुलासोबत ठेवा, संग्राहकाला ती हवी असते.

मग एक्स्ट्रॅक्टर. १९११ ची स्लाइड पूर्ण उतरवा, निष्क्रिय डमी काडतुसाची कड खालून आकड्यात सरकवा. बोटाच्या जोराने ती आत जायला हवी, आणि स्लाइड हलकेच हलवली तर काडतूस पडता कामा नये. लगेच पडलं तर ताण कमी. आत जायलाच तयार नसेल तर ताण जास्त किंवा आकड्याचा खालचा कोपरा धारदार. या कोपऱ्यामुळे होणारं अडणं नेहमी गोळीच्या नाकावर ढकललं जातं. आणि १९११ च्या चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या काडतूस बसण्याच्या जागेत, सुटं काडतूस टाकून वर स्लाइड कधीही सोडू नका, आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते आणि त्याचा ताण जातो.

जिवंत काडतुसं हाताने चढवून बघायची ती फक्त रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून. घरी टेबलावर बसून ‘फक्त चढतंय का बघतो’ हा प्रकार नको. डमी वापरायची असतील तर त्याच आकाराच्या गोळीची, बाजारातल्या ॲल्युमिनियमच्या स्नॅप कॅपचं नाक वेगळं असतं. आणि स्लाइड धरून हळूहळू पुढे नेऊ नका. जुनं पिस्तूल वेगावर चालतं, हळू नेलं तर चांगलं काडतूसही अडतं.

मॅगझिनांवर मार्करने आकडे टाका. रेंजवर पहिली पाळी बॉलची, प्रत्येक मॅगझिन तीनदा पूर्ण भरून. बॉलच अडत असेल तर हॉलो पॉइंटचं खोकं उघडू नका, दोष दुसरीकडे आहे.

हॉलो पॉइंट बहुधा २० च्या खोक्यात येतं, आणि सात राउंडच्या मॅगझिनसाठी हे सोयीचं पडतं. दोन मॅगझिनं पूर्ण भरून १४ राउंड. उरलेल्या सहाचे तीन भाग: एकदा एकच, एकदा दोन, एकदा तीन. पूर्ण भरलेल्या मॅगझिनमध्ये वरचं काडतूस सर्वात घट्ट दाबलेलं असतं, स्लाइडला ते उपसायला जोर लागतो. शेवटच्या काडतुसाला उलट अडचण, स्प्रिंग जवळजवळ सैल झालेली असते आणि धक्क्याने ते ओठांतून पुढे निसटू शकतं. १९११ च्या मूळ मॅगझिनच्या फॉलोअरवर, म्हणजे काडतुसं वर ढकलणाऱ्या पट्टीवर, जो छोटा फुगवटा असतो तो त्यासाठीच आहे. काही नव्या मॅगझिनांत तो नसतो, आणि मग शेवटचंच काडतूस रुसतं. एका खोक्यात ही दोन्ही टोकं तपासून होतात. तीन प्रकारची काडतुसं आणली तर साठ राउंडमध्ये दोन बाद होतात आणि एक उरतं.

उरलेल्याचे दोनशे राउंड झाडायचे. महाग पडतं, मान्य, पण कमीवर भागत नाही, आणि त्याचं कारण गणितात आहे. एकही अडथळा न येता ५० राउंड गेले तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की अडण्याचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आत आहे. शंभरात सहा! २०० निर्विघ्न गेले तर दीड टक्का, ३०० गेले तर एक. तीनला राउंडच्या संख्येने भागायचं, एवढा साधा हिशेब. ‘एक खोकं झाडलं, काही झालं नाही’ या शिफारशीची किंमत त्यावरून कळते.

दोनशे राउंड सगळ्या मॅगझिनांत सारखे वाटा. पन्नासेक राउंड एका हाताने, त्यातले काही डाव्या हाताने झाडा, कारण सैल मनगटाने स्लाइडचा प्रवास कमी पडतो. पहिलं काडतूस कधी स्लाइड मागे ओढून सोडून, कधी स्लाइड मागे अडवून धरणारा खटका दाबून चढवा. मधे साफसफाई करू नका, शंभराला तेलाचे दोन थेंब पुरे. एखाद्या राउंडचा आवाज दबका आला तर लगेच थांबा. पिस्तूल रिकामं करून बॅरल आरपार बघितल्याशिवाय पुढचा राउंड नाही, गोळी आत अडकलेली असू शकते.

अडलं की घाईने स्लाइड झटकू नका. बोट ट्रिगरबाहेर, नळी समोर, आणि आधी बघा की काडतूस कुठे थांबलंय. मग ते काढून प्रकाशात धरा. त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. तोंडाच्या काठाला खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा चावा असेल तर नाक खाली घुसून रॅम्पवर आदळलंय: मॅगझिनची स्प्रिंग कमजोर, ओठ काडतूस उशिरा सोडतायत, किंवा काडतूस फार आखूड. चावा वरच्या बाजूला असेल, आणि पुंगळीच्या पोटावर मध्यभागी आडवा ओरखडा असेल, तर नाक चेंबरच्या छताला टेकलंय, पोट बॅरलच्या खालच्या कडेवर, आणि बूड स्लाइडवर. यालाच तीन बिंदूंचा जॅम म्हणतात. इथे ओठ काडतूस फार लवकर सोडतायत किंवा एक्स्ट्रॅक्टर घट्ट आहे. नाकावर काहीच खूण नाही, काडतूस जवळपास पूर्ण आत, आणि स्लाइड दोन-तीन मिमी उघडी? मग रॅम्पचा विषयच नाही. चेंबरमधला मळ, एक्स्ट्रॅक्टर किंवा रिकॉइल स्प्रिंग यांकडे बघा. रॅम्पवर काळा मार्कर फिरवून दहा राउंड झाडले तर शाई जिथे पुसली गेली तिथेच नाक आपटतंय, हेही साधं आणि खात्रीचं.

अडतंय, आता काय

आधी मॅगझिन बदला. १९११ ला ओठांचे तीन प्रकार मिळतात. मूळ लष्करी पद्धतीचे, पुढे हळूहळू रुंदावत जाणारे आणि काडतूस उशिरा, सावकाश सोडणारे. समांतर ओठांचे, लवकर आणि एकदम सोडणारे, मुळात आखूड टार्गेट काडतुसांसाठी केलेले. आणि दोन्हींच्या मधले. हॉलो पॉइंटसाठी मधल्या प्रकारापासून सुरुवात करा. पिस्तुलावर कानस चालवण्याआधी वीस राउंड आणि एक नवं मॅगझिन खर्च करणं कधीही स्वस्त. सातच्या जागी आठ राउंड बसवणाऱ्या मॅगझिनांपासून जुन्या १९११ ला लांबच ठेवा, स्प्रिंगला जागा कमी पडते.

रॅम्पला चकाकी देणं आणि रॅम्पचा कोन बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिश चालतं. कोन बदलला किंवा बॅरलचा घसा प्रमाणाबाहेर कोरला की पुंगळीचं बूड खालून उघडं पडतं, आणि एक दिवस ते तिथेच फुटून गरम वायू मॅगझिनच्या वाटेने हातात येतो. त्या ०.८ मिमीच्या फटीचंही तसंच, ती बुजवली की बॉलसुद्धा अडायला लागतं. घसा रुंद करायचाच असेल तर जाणत्या गनस्मिथकडून, आणि शक्यतो सुट्या बॅरलवर. सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळणाऱ्या लुगर किंवा पी३८ च्या मूळ बॅरलला हात लावणं म्हणजे शुद्ध नासधूस.

पसंत पडलेलं काडतूस एकाच लॉटचं घ्या, खोक्यावरचा लॉट क्रमांक लिहून ठेवा. लॉट बदलला किंवा स्प्रिंग बदलली तर पन्नास राउंड पुन्हा. आणि सुरुवातीला मोजलेली लांबी आता काढा. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवलं की रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत मागे सरकत जाते. आतली जागा कमी झाली की दाब चढतो, ९ मिमीत फारच वेगाने. चढवलेलं काडतूस काढलं की त्यावर मार्करने एक रेघ मारा आणि कॅलिपर लावा. पाव मिमीपेक्षा जास्त आखूड झालं असेल तर ते पुन्हा मॅगझिनमध्ये भरायचं नाही, झाडायचंही नाही, वेगळं काढून नष्ट करायला द्यायचं. माप शाबूत असेल तरी दोन रेघा झाल्यावर पुढच्या सरावात ते पहिलं झाडा.